जो चेंडू आलाच नाही

मार्चचा शेवटचा आठवडा. अर्कान्सासच्या सपाटीवर
भाताची खाचरं अजून कोरडी,
आणि कॉलेजच्या जिममध्ये टेप ताणून
आम्ही सहाजण पोरांचे हात मोजतोय.
सहा म्हणजे सकाळी सहा. धावेचा आकडा आला
तशी दोघांनी घड्याळं खिशात टाकली
आणि विमानतळाचा रस्ता विचारला.

चाळीस यार्ड: चार पूर्णांक सहासष्ट.
हात: तीस इंचांना पाव कमी.
नाव: लव्हेल पेटवे. जागा: सेफ्टी.
म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा,
ज्याच्या मागे फक्त गवत असतं
आणि ते दोन पिवळे खांब.
पुढच्या दहांची चूक त्यानं पोटात घालायची,
त्याची चूक सगळ्या गावानं पाहायची.

एकवीस वर्षं हेच करतोय मी.
मोटेलच्या गादीवर लॅपटॉप, थर्मासात कालची कॉफी,
गुडघ्यावर फॉर्म. फॉर्मला चौकटी:
वेग, उडी, पकड, टॅकल, दुखापती.
काल रात्री मी एक चेंडू पाहिला
जो आलाच नाही.
त्याला चौकट नाही.

ऑक्टोबरचा सामना, थर्ड डाउन, सात यार्ड हवे.
पलीकडचा क्वार्टरबॅक
(खरं तर मी त्यालाच बघायला बसलो होतो)
हात मागे नेतो, मधल्या पट्ट्यात बघतो,
आणि तिथे पेटवे आधीच पोचलेला.
धावत नव्हे. आभाळ भरून आलं म्हणून
कुणी आपल्याच परसात
वाळत घातलेले कपडे काढायला जावं, तसा.
क्वार्टरबॅकचा हात खाली येतो.
चेंडू बाजूला कुणाला तरी, दोन यार्ड. शिट्टी.
पेटवेच्या नावापुढे काहीच मांडलं गेलं नाही.

मी चित्र मागे नेलं. पुन्हा. अकरा वेळा.
अकराव्यांदा दिसलं:
चेंडू हलण्याआधी त्यानं
शेजारच्या कोवळ्या कॉर्नरबॅकला
दोन बोटांनी सरकवलं होतं,
दोनच पावलं, डावीकडे.

जिममध्ये विचारलं, "तेव्हा काय दिसलं तुला?"
बुटाची नाडी सोडत म्हणाला,
"त्यांचा टाइट एंड. आत घुसायचं असलं
की उजवी टाच उचलतो.
बाहेर जायचं असलं की नाही."
"कोचनं दाखवलं?"
"नाही सर. सुरुवातीला त्यानं मला चकवलं होतं."

कपडे धुणाऱ्या मिस ओडेसा,
हात वाफेनं सुरकुतलेले, वर न बघता म्हणाल्या,
"हरल्यावर सगळीच पोरं टॉवेल फेकतात.
तोही फेकतो हो.
पण मग उचलतो."

एप्रिल. बैठकीची खोली.
भिंतभर चुंबकाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर नावं.
"इंटरसेप्शन किती?"
"दोन."
"चार वर्षांत?"
"त्याच्या बाजूला कुणी चेंडू टाकतच नाही."
"की दुसऱ्या बाजूचं पोर कच्चं,
म्हणून तिकडे टाकतात?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
आजही नाही.

पट्टी उजव्या कोपऱ्यात गेली, अगदी तळाला,
जिथली नावं मंचावरून पुकारत नाहीत,
सगळं आटोपल्यावर फोन जातात,
घाईघाईत, फुटकळ पैशांत.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी तीन ओळी असतात.
लिहिलं: याच्या मागे गवत गवतच राहतं.
खोडलं. खोलीत असल्या वाक्यांना हसतात.
लिहिलं: टाचा बघतो.
खाली त्याचा नंबर,
आणि आईचाही,
कारण त्यांच्या घराशी त्याच्या फोनला रेंज नसते.